एक अख्खी लाट

यशोधरा गजभिये या बाईने माझी लाट पळवली. विशाखापट्टणमच्या समुद्रात, दिवसाढवळ्या, माझ्या नाकासमोरून. मी घासाघीस करून वर आलेला माणूस आहे. दलालांनी, ठेकेदारांनी, सख्ख्या मेहुण्याने मला फसवायचा प्रयत्न केला आणि सगळे आपटले. फसवलं ते फक्त या एका पीटीच्या मास्तरणीने. बाई आता हयात नाही, तेव्हा झालं गेलं सोडून द्या, असं घरचे म्हणतात. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, हे मलाही कळतं. बोलणार आहे. पण आधी तक्रार.

मी पाण्याच्या टाक्या बनवतो. जरीपटक्यात दुकान, कामठी रस्त्याला शेड. साच्यात प्लास्टिकची भुकटी टाकायची, साचा भट्टीत गरगर फिरवायचा, भुकटी वितळून आतून सगळीकडे चिकटली की गार करून उघडायचा. आत टाकी तयार. नागपूरच्या मे महिन्यात या भट्टीशेजारी उभं राहून ज्याचं डोकं थंड राहतं, त्याच्या पाया पडायला मी तयार आहे. माझं कधी राहिलं नाही.

अशाच एका मे महिन्यातल्या दुपारी, जरीपटक्यातली कुत्री हातगाड्यांखाली जीभ काढून पडलेली असताना, गजभिये मॅडम दुकानात आल्या. बुटक्या, आडव्या बांध्याच्या, निळा ट्रॅकसूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, गळ्यात शिट्टी. आल्या आल्या त्यांनी माझ्या टाक्यांवर बोटांच्या पेरांनी टकटक करायला सुरुवात केली, कलिंगड बघतात तशी.

"भाऊ, आडवी टाकी बनवता का?"

"बनवतो. केवढी पायजे?"

"माह्याएवढी. दोन्ही टोकं निमुळती. मधात बसाले भोक."

"टाकीत बसता तुमी?"

"बसते. समुद्रात जाते तिच्यात बसून."

मी म्हणालो, मॅडम, समुद्र कुठं, नागपूर कुठं. त्या म्हणाल्या, "तो तर येत नाई ना इकडे. मंग आपल्यालेच जा लागते."

मग त्यांनी मोबाईल काढून मला दाखवलं. समोरच्या तीन मजली इमारतीपेक्षा उंच हिरवी लाट, आणि तिच्या उतारावर एक एवढीशी बोट, कलिंगडावरून मुंगी उतरावी तशी. बोटीत एक माणूस, हातात दोन्ही बाजूंना पातं असलेलं वल्हं. तो उतरता उतरता आडवा झाला, लाटेच्या शेंड्यावर चढला आणि बोटीसकट हवेत कोलांटी मारून पुन्हा पाण्यात सरळ बसला. याला कयाक म्हणतात. ती उलटली तर, असं मी विचारलं. "उलटतेच," मॅडम म्हणाल्या. "मंग सुलटी करा लागते. त्याच्यात काय एवढं."

मी भाव सांगितला. असा भाव मी गिऱ्हाईक उठून जावं म्हणून सांगतो. मॅडम उठल्या नाहीत. स्टुलावर बसल्या, खिशातून फुटाण्याची पुडी काढली आणि खात राहिल्या. बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला मी घाबरत नाही; तो कुठपर्यंत येईल ते त्याच्या बोलण्यावरून कळतं. गप्प बसणारा कुठे उभा आहे तेच कळत नाही. अर्धी पुडी संपल्यावर त्या म्हणाल्या, "पैसे नाई माह्यापाशी. तुमाले दुसरं काय पायजे ते सांगा."

मी पुन्हा त्या मोबाईलकडे बघितलं. माझ्याकडे जे काही आहे ते मी कुणाच्या तरी हातातून पिळून काढलेलं आहे. घर, शेड, भट्टी, लग्नातला सूटसुद्धा. आपण होऊन माझ्याकडे काहीही चालत आलेलं नाही. आणि ही लाट बघा. कुठून कुठून निघालेली, कुणी बोलावलेली नाही, कुणाशी सौदा नाही, आणि येतेय सरळ त्या माणसाकडे. मला ती हवी झाली.

"एक लाट," मी म्हणालो. "अख्खी. माह्या एकट्याची. आणि जिवंत परत."

"लहान का मोठी?"

"मोठी."

"मंग आधी उलटं होणं शिका लागन." त्यांनी हात पुढे केला, मीठ लागलेलाच. मी हात मिळवला आणि मनात म्हटलं, बाई फसली.

मॅडमकडे एक जुनी, तडा गेलेली बोट होती. तिच्यावरून साचा बनवून घेतला. पहिली बोट निघाली ती हत्तीच्या कातड्यासारखी जाड आणि काळीकुट्ट, कारण भट्टीत तेव्हा काळ्या टाक्यांचा माल चालू होता. मॅडमनी टकटक केलं आणि म्हणाल्या, "हे छपरावर ठेवू का, नळ जोडून?" मी तिथल्या तिथे ती बोट करवतीने कापून टाकली. माझा राग असा आहे. दुसरी पातळ निघाली. तिसरीला त्यांनी मान डोलावली. मला शिकायचं तर मलाही एक लागणार, म्हणून चौथीही निघाली.

त्या कोराडीच्या वसाहतीत वाढलेल्या. वडील विजेच्या कारखान्यात होते. पोहायला तिथल्याच तलावात शिकल्या. पण कयाक कुठे शिकल्या, याचं उत्तर मला कधीच मिळालं नाही, किंवा फार मिळाली. मला म्हणाल्या गोव्याला. त्यांच्या हेडमास्तरांना म्हणाल्या, सरकारी शिबिरात. शाळेतल्या मुलींना म्हणाल्या, एका गोऱ्या बाईने शिकवलं, तिच्याशी नंतर भांडण झालं. एकदा मी त्यांना पकडलं.

"मॅडम, खरं काय त्याच्यातलं?"

"ज्याले जे झेपते ते सांगते मी," त्या म्हणाल्या आणि शिट्टी वाजवून मुलींकडे वळल्या.

ती शिट्टी म्हणजे त्यांची अर्धी भाषा होती. लांब शिट्टी म्हणजे या. तुटक तुटक म्हणजे मूर्ख आहेस. आणि एकच जोरदार फुंकली की थांब, असशील तिथे थांब. शाळेच्या मैदानावर पन्नाशीचा चपराशी त्या शिट्टीने पाय अधांतरी धरून थांबलेला मी बघितला आहे.

रविवारी सकाळी कोराडीच्या तलावावर आमचा वर्ग. त्यांच्या शाळेच्या मुली आणि मी. मुलींमध्ये शीतल नावाची एक होती, मॅडमचा उजवा हात, दातांत वेणी धरून वल्हं मारायची. कमरेला मेणकापडाचा घागरा बांधायचा, त्याची कड बोटीच्या भोकावर ताणून बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. नाकाला मॅडम कपडे वाळत घालायचा चिमटा लावायच्या, आणि तो लावून शिकवायच्या, त्यामुळे त्यांचं सगळं शिकवणं सर्दी झाल्यासारखं ऐकू यायचं.

मग उलटायचं. बोट पालथी, आपण पाण्याखाली डोकं खाली करून लटकलेले. तिथून वल्हं पाण्यावर फिरवून, कमरेला झटका देऊन बोट सुलटी करायची. शीतल आणि बाकीच्या मुली कढईत भजी उलटावीत तशा उलटसुलट होत होत्या. मी आपला दर वेळी आधी डोकं वर काढायला जायचो आणि दर वेळी परत खाली. पाण्याखाली मी ज्या शिव्या दिल्या त्या बुडबुडे होऊन वर गेल्या आणि मुली हसल्या.

"डोकं शेवटी," मॅडम ओरडायच्या. "आधी कंबर, मंग छाती, डोकं शेवटी. काहून गा घाई करता?"

"श्वास कोण घेईन, तुमी?"

"टाकीवाले, दुकानात गिऱ्हाईक उठून चाललं तर लगेच भाव कमी करता का?"

"नाई करत."

"काय करता?"

"बसून राहतो. त्याले वाटू देतो का मले गरज नाई."

"मंग खाली तसंच लटकून राहा. पाण्याले वाटू द्या का तुमाले गरज नाई."

मी उलटलो. लटकून राहिलो. हिरव्या पाण्यात वरखाली कळेना. छाती फुटायला आली तरी म्हटलं, नाही, मला गरज नाही. मग कंबर हलवली, आणि कारखान्याची चिमणी, आभाळ, मॅडमचा चिमटा, सगळं जागच्या जागी सरळ उभं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "बोहनी झाली."

लाटेची पारख त्यांनी मला पोह्यांच्या टपरीवर शिकवली. तलावावरून आलो की तर्री-पोहे ठरलेले. चण्याच्या रश्श्यावर लाल तेलाचा तवंग असतो ती तर्री. लाटेच्या शेंड्यावर पहिला फेस दिसतो, त्याला मॅडम तर्रीच म्हणायच्या. पातेलं थोडं तिरपं करून त्या दाखवायच्या, टपरीवाला ओरडेपर्यंत. "तर्री एका कोपऱ्यातून याले लागली तर लाट चांगली. हळूहळू फुटत जाईन, तुमी तिच्यासमोरून आरामात निंगता. आणि अख्ख्या लांबीवर एकदम तर्री आली का समजा बंद लाट. भिंत आहे ते. खाली गेले का अंगावर पडते." आणि दुसरा नियम असा की शेंड्याच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही. "घुसला तर तो चोर," मॅडम म्हणाल्या. त्यांचे शब्द आहेत हे, माझे नाहीत.

पेंचच्या कालव्याला पाणी सुटलं की मॅडम आम्हाला एका धबधब्यासारख्या पायरीखाली घेऊन जायच्या. तिथे पाणी खाली पडून मागे वळतं आणि एक लाट जागच्या जागी उभी राहते. त्या लाटेवर बाई बोटीचं टोक खुपसायच्या आणि एवढं सगळं वजन हवेत उडून, कोलांटी खाऊन पुन्हा तिथेच येऊन बसायचं. काठावर म्हशी धुणारा एक म्हातारा होता. त्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हशीला सोडून हात जोडले. मॅडमनी नाकाचा चिमटा काढून त्याला विचारलं, "बाबाजी, पाय सरळ होते ना माहे वरतं?"

अशी काही वर्षं गेली आणि शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही विशाखापट्टणमला निघालो. मॅडम, मी आणि माझी बायको. बायको म्हणाली, परक्या बाईसोबत समुद्रावर जायचं तर मी बी येते. मॅडम म्हणाल्या, "या ना वं, सामान पाहाले कोणीतरी पायजेच." मला वाटलं आता गाडीत युद्ध होणार. वर्धा यायच्या आत दोघी मिळून माझी टिंगल करू लागल्या होत्या.

त्याआधी स्टेशनवर पार्सलच्या बाबूशी माझं जुंपलं. बोट म्हणून नोंदवलं तर भानगडी फार, म्हणून मी सांगितलं, टाक्या आहेत, पाण्याच्या, आडव्या. माझ्याकडे टाक्यांचे कागद होतेच. बाबूने चष्म्यावरून बघितलं.

"टाकी आहे तर झाकण कुठं आहे?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडम घागरा बांधून बोटीत उतरल्या, कड ताणून बसवली, वर फक्त त्यांचं धड.

"मी झाकण," त्या म्हणाल्या.

बाबूने चष्मा काढून पुसला. मग त्याने शिक्का मारला. मी आयुष्यात एवढी वर्षं तोंडाची वाफ दवडली ती कशासाठी, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

आता ती लाट.

लांब कुठेतरी समुद्रात वादळ घोंघावत होतं, किनाऱ्यावर ऊन होतं आणि लाटा मोठ्या होत्या. मोठ्या म्हणजे मोबाईलमधल्याएवढ्या नव्हेत, पण माझ्या शेडच्या पत्र्याएवढ्या नक्की. मॅडम आणि मी फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे जाऊन बसलो. तिथे पाणी गुळगुळीत, बोट वर जाते, खाली येते. बायको वाळूवर. मी आजवर ज्या पाण्याशी धंदा केला ते छपरावर गुमान बसून असतं. हे पाणी श्वास घेत होतं. मी वाट बघत होतो.

ती आली. लांबूनच कळलं हीच आपली. बाकीच्या लाटा तिच्यापुढे गल्लीतल्या पोरांसारख्या दबून चालल्या होत्या. शेंड्याच्या सगळ्यात जवळ मी होतो; मॅडम माझ्या डावीकडे, लांब. मी बोट वळवली, मान फिरवून बघितलं. तर्री उजव्या कोपऱ्यात. मी शपथेवर सांगतो, उजव्या कोपऱ्यात, पातेलं तिरपं केल्यासारखी. मी वल्हं मारलं. बोटीचं मागचं टोक उचललं गेलं. ती माझ्याखाली आली होती.

आणि शिट्टी वाजली. एकच. जोरदार.

माझे हात थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले, त्या चपराशाच्या पायासारखे. तेवढ्यात मॅडम माझ्यासमोरून आडव्या गेल्या, एकदा मागे वळून बघितलं, आणि माझ्या लाटेवरून खाली उतरल्या.

लाटेच्या मागून बघणाऱ्याला लाटेची फक्त पाठ दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. समोर ती कोपऱ्यातून हळूहळू फुटली की भिंतीसारखी एकदम कोसळली, ते मला दिसलं नाही. दिसलं एवढंच की काही वेळाने त्या पाठीवरून माझ्या भट्टीत बनलेली बोट आभाळात उडाली, बूड वर, मॅडम खाली, एक पूर्ण कोलांटी, आणि पलीकडे पडली. मग नुसता आवाज.

पुढे मीही एका लाटेत सापडलो, उलटलो, लटकून राहिलो, डोकं शेवटी वर काढलं आणि किनाऱ्याला लागलो. पण ती फुटलेली, उरलीसुरली लाट होती. अख्खी नव्हती.

मॅडम वाळूवर बसून कानातलं पाणी काढत होत्या. मी बोट फेकून दिली.

"काहून घेतली माही लाट?"

"बंद लाट होती ते. पूर्ण लांबीवर तर्री आली होती. गेले असते तर दात वेचा लागले असते तुमचे."

"उजव्या कोपऱ्यात होती तर्री. मी पाह्यली."

"डोळ्यात खारं पाणी होतं तुमच्या."

साक्षीदार दोनच. बायकोला विचारलं, कशी फुटली ती लाट. ती म्हणाली, "कोणती?" ती समुद्राकडे पाठ करून एका कोळ्याशी सुक्या सोड्यांचा भाव करत होती, आणि तो निम्म्यावर आणल्याच्या आनंदात होती. माझ्याच घरचं शिक्षण, बोलणार कुणाला. त्या कोळ्याचं तोंड मात्र समुद्राकडे होतं. त्याने सगळं पाहिलं होतं. मी त्याला खुणांनी विचारलं. तो तेलुगूत भरभरून बोलला, हात वर नेला आणि खाली आणला, आणि हसला. जगातली कुठलीही लाट वर जाते आणि खाली येते.

दुसऱ्या दिवशी समुद्र आमच्या तलावासारखा झोपला. परतीच्या गाडीत मॅडम म्हणाल्या, "उधार राह्यली तुमची. पुढच्या दिवाळीले देते."

पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही. त्या पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूने गेल्या. कुणाच्या तरी कूलरच्या टाकीत साचलेल्या पाण्यावरचा मच्छर. समुद्राला जे जमलं नाही ते त्याने केलं. दवाखान्यात मी गेलो तेव्हा त्या तापात होत्या, आणि तापातल्या माणसाशी मी भांडत नाही, म्हणून विचारलं नाही. संत्र्याचा रस ठेवला आणि आलो.

कोराडीच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग लोक बोलायला उठले. शीतल उठली. ती आता स्वतः एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, मॅडमच्या बोटी तिच्याकडे आहेत, आणि त्या दिवशी पांढऱ्या साडीवर तिच्या गळ्यात ती शिट्टी होती. ती म्हणाली, "मॅडम मले सांगत होत्या, शीतल, जिंदगीतली सगळ्यात सुंदर लाट मी विशाखापट्टणमले पाह्यली. होती टाकीवाल्याची. पण असा माल पाहून कोणाची नियत खराब नाई होत, सांग?"

सगळा विहार डोळे पुसता पुसता हसला. मी उभा राहिलो. बायकोने सदरा ओढला, तरी राहिलो.

"मले तर बंद लाट सांगितली होती," मी म्हणालो. लोक अजून हसले. भंतेजींनीही माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटतं तेही हसले.

कार्यक्रमानंतर मी शीतलला चपलांच्या ढिगाजवळ गाठलं.

"खरं काय, ते सांग."

"मी तिथं होती का काका? मॅडमनं सांगितलं ते सांगितलं."

बाजाराचा नियम आहे: दोन गिऱ्हाइकांना दोन भाव सांगितले की त्यातला एक खोटा असतो. लाट चांगली होती तर ती माझी होती, आणि बाई चोर. लाट बंद होती तर तिने मला वाचवलं, आणि भिंत आहे हे ठाऊक असून तिच्याखाली स्वतः गेली, त्या वयात, त्या वजनाने, वर कोलांटी मारून. मग मला आभार मानावे लागतील, आणि काही सूट न घेता आभार मानायची मला सवय नाही. ज्याला जे झेपतं ते सांगते, असं ती म्हणायची. शीतलला काय झेपलं आणि मला काय झेपणार नव्हतं, यावर मी फार डोकं खाजवलं आहे. खाजवून फक्त केस गेले.

मी त्या बाईला शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात, असं बायको म्हणते. मी म्हणतो, नाही. शेवटचं पाहिलं ते लाटेवर उतरताना मागे वळली तेव्हा. नाकाला चिमटा, डोक्यावरून पाणी निथळतंय, मागे हिरवा उतार, आणि गाल गच्च फुगलेले. ते गाल शिट्टी तोंडात होती म्हणून फुगले होते की हसू दाबलं होतं म्हणून, एवढं मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर तिने मान फिरवली आणि मला तिची पाठच दिसली.

तर शीतल, आता तुझ्याशी बोलतो. बाजारात दुकान जो घेतो तो त्याचं देणंही घेतो. बोटी तू घेतल्या, शिट्टी तू घेतली, माझी लाटही तुझ्याकडेच निघते. या दिवाळीला मी भट्टी बंद ठेवतो आहे आणि विशाखापट्टणमची तिकिटं काढली आहेत, तुझं धरून. तू माझ्या डावीकडे बसायचं, लांब, मॅडम बसल्या होत्या तिथेच. तशीच लाट आली की नीट बघायचं, तर्री कुठून येते ते. आणि मग सगळ्यांसमोर, मला झेपो न झेपो, सांगायचं: मॅडमनं शिट्टी काहून वाजवली?